सेनेम, इल्यासची मुलगी

योझगातच्या जुन्या सरकारी दवाखान्याच्या तळघरात, मंगळवारी दुपारी, हंदानला तिची आई मेलेली सापडली.

म्हणजे रजिस्टरात तसं लिहिलेलं होतं. खरी आई तिकडे कायसेरीत तिसऱ्या मजल्यावरच्या घरात शेजारणीला हाताशी धरून खिमा भरलेली मान्ती वळत बसली होती. सकाळी निघताना तिनेच बजावलं होतं की तळघरात बसायचं असेल तर कमरेला लोकरीचा पट्टा बांधून जा, मग रात्री माझ्या कानाशी कण्हत बसू नकोस. आता अशी बाई मरते कशी? आणि सत्तर वर्षांपूर्वी मेली म्हणावी, तर मग हंदानला जन्म दिला कुणी?

हंदानने चष्मा पुसला आणि ओळ पुन्हा वाचली. क्रमांक एकशे सत्त्याऐंशी. सेनेम, बाप इल्यास कराजा, गाव आकपिनार. वय पाच. यकृतात पाण्याची गाठ. ऑपरेशन चौदा ऑक्टोबर एकोणीसशे त्रेपन्न. शेवटच्या रकान्यात एकच शब्द, मयत. बाजूच्या कोऱ्या जागेत म्हाताऱ्या सर्जनने जुन्या लिपीत दोन शब्द खरडले होते. सरकारने लिपी बदलून पंचवीस वर्षं झाली होती तरी घाईच्या वेळी त्याचा हात जुन्याच वळणाने चालायचा. हंदानला ती लिपी येत होती. 'गाठ फुटली,' असं लिहिलं होतं. पानाला टाचलेल्या कागदावर बापाची संमती होती. माझ्या मुलीला चिरायला माझी ना नाही, काही बरंवाईट झालं तर डॉक्टरवर माझा दावा नाही. खाली निळ्या शाईत अंगठा.

इल्यास कराजा म्हणजे हंदानचे आजोबा. आकपिनार म्हणजे आजोळ. आणि सेनेम म्हणजे आई, ओळखपत्रावर जन्मसाल एकोणीसशे अठ्ठेचाळीस. पाच वर्षांचा हिशोबही बरोबर बसत होता. न बसणारी गोष्ट एकच, ती म्हणजे आई जिवंत होती.

हंदान एक्कावन्न वर्षांची, लग्न न केलेली, विद्यापीठात डॉक्टर होणाऱ्या पोरांना वैद्यकाचा इतिहास शिकवायची. पोरं तिच्या तासाला पेंगायची आणि ती त्यांना पेंगू द्यायची. तिचा जीव अडकला होता तो एका जुन्या चालीत. सुलतानांच्या काळी कुणाला मुतखडा काढून घ्यायचा असला की रोगी आणि शल्यवैद्य दोघे आधी काजीपुढे जाऊन उभे राहायचे. रोगी म्हणायचा, हा मला चिरणार आहे, मी राजीखुशीने चिरून घेतोय, मेलो तर माझ्या वारसांनी याच्याकडे रक्ताची भरपाई मागू नये. चार साक्षीदार मान हलवायचे, कारकून वहीत उतरवून घ्यायचा, मग सुरी बाहेर निघायची. हंदानने अशा शेकडो नोंदी वाचल्या होत्या. पुढे काजी गेले, त्यांची कचेरी गेली, मग ती चाल गेली कुठे? ती दवाखान्यात आली, खेडुताच्या अंगठ्यात आली, असं हंदानचं म्हणणं. त्यासाठी ती आणि रासिह होजा मिळून योझगातची रजिस्टरं उपसत होते. होजा म्हणजे गुरुजी; हे निवृत्त सर्जन, अशा गाठी काढण्यात हयात घालवलेला माणूस. चारशे बारा ऑपरेशनं त्यांनी टिपली होती. निबंधाचा एकच मुद्दा होता, गरिबाला खरोखर कुणी विचारलं होतं का?

तिने तळघरातूनच घरी फोन लावला.

"आई, तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? आणि फोन कशाला? दही संपलंय, येताना आण."

हंदानला जरा हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. शिकलीसवरलेली बाई, रजिस्टरात वाचून आई जिवंत आहे की नाही याची खात्री करून घेते!

पण घाबरायला तिच्याकडे कारण होतं, आणि ते तिने आईपासून लपवलेलं होतं. आईच्या यकृतात पाण्याची गाठ होती. संत्र्याएवढी. मेंढरं आणि कुत्री असलेल्या आपल्या गावांमधून ही गाठ लोक लहानपणी पोटात घेऊन निघतात आणि म्हातारपणी कुठल्यातरी तपासणीत ती दिसते. डॉक्टर वेदात बे, म्हणजे वेदात साहेब, यांनी फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं होतं की ही आता पातळ झालीय, एखादा धक्का लागला, जिन्यावरून पाय घसरला, तर फुटेल, आणि फुटली तर दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळणार नाही. शुक्रवारी ऑपरेशन ठरलं होतं. आईला सांगितलं होतं, पित्ताचे खडे आहेत, बारीक. आणि संमतीच्या कागदावर सही केली होती हंदानने. वेदात बेंनीच कागद तिच्याकडे सरकवला होता, मावशींना कशाला घाबरवायचं म्हणून. आपल्याकडे असंच करतात. म्हाताऱ्या माणसाला दुखणं सांगत नाहीत, पोरं सही करतात, आणि सगळे म्हाताऱ्यासमोर हसतखेळत वागतात. हंदाननेही तेच केलं. चारशे बारा अंगठ्यांचा अभ्यास केलेल्या बाईला सही करताना काही म्हणजे काही खुपलं नाही!

बसमध्ये ती हिशोब मांडत राहिली. एखादा दुसरा इल्यास कराजा असेल. पण आकपिनार म्हणजे पंचवीस घरांचं गाव. किंवा कारकुनाने चुकून मयत लिहिलं असेल, मुलगी बरी होऊन घरी गेली असेल. पण मग आईच्या पोटावर टाक्यांची खूण हवी होती. आईला हमामात लहानपणापासून पाहिलेलं, पोट गुळगुळीत. तिने रासिह होजांना फोन केला. होजांनी सगळं ऐकून घेतलं आणि खोकून म्हणाले, मेलेला माणूस बरा झाला म्हणून लिहिणारे कारकून मी पुष्कळ पाहिले, हंदान हानिम, जिवंत माणसाला मयत लिहिणारा अजून भेटला नाही. पण लिहिलं असेल, तर आपले सगळे आकडे गेले म्हणून समजा. मग त्यांनी विचारलं की आईंची तब्येत कशी आहे, आणि उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवून दिला.

बुधवारी सकाळी हंदान जन्ममृत्यूच्या कचेरीत गेली. खिडकीतल्या माणसाने चहाचा पेला बाजूला केला, संगणकात पाहिलं. इल्यास कराजाला मुलगी एकच, सेनेम, जन्म अठ्ठेचाळीस, हयात. दोन मुलगे, दोघे वारलेले. मेलेली सेनेम त्यांच्याकडे नव्हती. हंदानने रजिस्टराचा फोटो दाखवला. माणसाने तो मोठा करून पाहिला, भुवया उडवल्या, आणि मोठ्या आपुलकीने समजावलं की बाईसाहेब, ही पक्की नोंद आहे, तुम्ही मूळ पान आणलंत तर मी आत्ता या सेनेमच्या नावापुढे मृत्यू टाकतो. पण सेनेम एकच आहे. मी बटण दाबलं की तुमची आई मेली. मग तिचं ओळखपत्र बंद, दवाखान्यातलं नाव बंद. मग तिने कोर्टात जाऊन सिद्ध करायचं की मी मेलेली नाही. वर्ष, दोन वर्षं.

"दाबू का?" असं त्याने विचारलं नाही, पण त्याचं बोट त्या बाजूला होतं. हंदानने फोन पर्समध्ये टाकला आणि जवळजवळ पळतच बाहेर आली.

मग तिने करायला नको तो शहाणपणा केला. वेदात बेंना जाऊन सगळं सांगायला लागली. अर्ध्यावरच त्यांनी हात वर केला. ते म्हणाले की मला हे सांगू नका. तपासण्या मी पाहिल्यात, पंच्याहत्तरीच्या मानाने मावशींचं हृदय फार छान आहे, मी खूश आहे. पण कागदावरची बाई आणि टेबलावरची बाई वेगळ्या निघाल्या तर मी सुरी लावू शकत नाही. आधी ओळख पटवा म्हणेल दवाखाना, आणि ती पटेपर्यंत गाठ थांबेल याची हमी मी देत नाही. शुक्रवारी सातला उपाशीपोटी घेऊन या.

तेव्हा कुठे हंदानच्या डोक्यात लखकन काहीतरी चमकलं. पंच्याहत्तरीच्या मानाने! आयुष्यभर लोक हेच म्हणत आले होते. गुडघे या वयाच्या मानाने, केस या वयाच्या मानाने. शेजारणी विचारायच्या, चेहऱ्याला काय लावता? आई म्हणायची, राग.

घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघरात तारहाना सूप ढवळत होती. हंदानने कोट न काढताच विचारलं की आई, तू लहानपणी योझगातच्या दवाखान्यात गेली होतीस का? आईने चमचा थांबवला नाही. हंदान म्हणाली की तिथल्या वहीत सेनेम नावाची मुलगी आहे, इल्यासची, खाली त्यांचा अंगठाही आहे.

आईने गॅस बंद केला. हात फडक्याला पुसले, एकेक बोट.

"कुठल्या सेनेमचं विचारतेस?" ती म्हणाली.

हंदान बसली. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर बसली, नाहीतर जमिनीवर बसली असती.

आईने सांगितलं ते असं. घरात आधी एक सेनेम होती. पोट फुगलं म्हणून बापाने तिला ट्रकमध्ये घालून शहरात नेलं, आणि आठ दिवसांनी बाप एकटा परत आला. दवाखान्यानेच पुरली होती, कुठे ते बापाला नीट सांगता आलं नाही, तो गर्दीत बावचळून गेला होता. मृत्यू लिहवून घ्यायला कोण जातंय? तालुक्याची कचेरी म्हणजे चालत एक दिवस. दोन वर्षांनी ही झाली. बापाचा बाप म्हणाला, मुलीचे कागद घरात आहेत, चांगले आहेत, नवे कशाला करता? नावासकट कागद हिच्या अंगावर चढवले. गावात पाच घरांत तरी असंच होतं. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

"म्हणजे तू पंचावन्न सालची," हंदान म्हणाली.

"पंचावन्नच्या हिवाळ्यातली. मेंढ्या व्यायच्या आधी. तारीख आईला माहीत होती, ती गेली."

मग एकेक गोष्ट निघाली, आणि हंदानला वाटलं की आपण हिला कधी ओळखतच नव्हतो. आई शाळेत का गेली नाही, हे तिने लहानपणी शंभरदा विचारलं होतं आणि आई दरवेळी म्हणायची की अक्कल नव्हती. आता कळलं. सातव्या वर्षी बापाने तिला शाळेत नेलं होतं. मास्तरने कागद पाहिले, कागदावर चौदा वर्षं. मास्तर हसला, म्हणाला, इल्यास आगा, हिचं लग्न लाव, हिला बाकावर कुठे बसवू? सात वर्षांची पोर समोर उभी, तिचे पुढचे दात पडलेले, आणि तो कागद वाचत होता. बाप मुकाट्याने तिला परत घेऊन आला. कागदाशी भांडायचं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"आणि लग्न?" हंदानने विचारलं. उत्तर तिने मनात काढलं होतं तरी विचारलं.

दरवर्षी ती वर्गात अभिमानाने एक गोष्ट सांगायची. माझे आजोबा निरक्षर धनगर, पण सत्तर साली त्यांनी मुलीला बावीस वर्षांची होईपर्यंत घरी ठेवलं, गावातले लोक पुढारलेले नव्हते हे आपण शहरात बसून ठरवतो. ही गोष्ट तिने एका लेखातही घातली होती. पोरं तेवढ्यापुरती जागी व्हायची.

आई म्हणाली की लग्न लावणाऱ्या साहेबाने कागद पाहून बापाची पाठ थोपटली होती, शाबास, मुलीला वाढू दिलंस. तिची उंची तेव्हा एवढी होती, आणि आईने हात टेबलाच्या जरा वर धरला. वय पंधरा. सतरा पुरी झाली नव्हती तेव्हा हंदान झाली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मला पुस्तकात घातलं असतंस," आई म्हणाली, आणि हसली. ते खरंच होतं, म्हणून हंदानला रडू आलं. तिला काय वाटतंय तेच तिला कळेना. राग कुणाचा करायचा? आजोबांचा, मास्तराचा, त्या साहेबाचा, की पाच वर्षांच्या त्या पोरीचा, जी मरून सगळ्यांच्या मध्ये येऊन बसली होती?

आई सूप वाढायला उठली नाही. ती समोरच बसून राहिली. मग म्हणाली, "आता माझी पाळी. माझ्या पोटात काय आहे?"

"खडे आहेत आई, पित्ताचे."

"हंदान."

हंदानने सांगितलं. गाठ, संत्र्याएवढी, पाण्याची, वहीतल्या सेनेमला होती तशीच. सही आपण केली हेही सांगितलं.  आईने टेबलावरचं मीठ, मिरचीची भुकटी, सगळं एका रेषेत लावून ठेवलं.

"तिचं नाव मला दिलं," ती शेवटी म्हणाली. "तिचे कागद, तिचं वय. आता तिचं दुखणंही मलाच. आणि अंगठा माझ्या बापाने दिला होता, इथे तू दिलास. मी जात नाही शुक्रवारी. फाडून टाक ते."

आणि उठून खोलीत गेली.

गुरुवारी तिने घरातल्या चादरी धुतल्या, कपाटांना आतून कागद लावले, शेजारणीला लोणच्याची बरणी देऊन आली. जिन्यावरून बरणी घेऊन उतरत होती तेव्हा हंदान एकेक पायरी तिच्या पुढे चालली. तिने समजावलं, विनवलं, एकदा ओरडलीही. आई म्हणाली की आवाज वाढवू नकोस, गाठ फुटेल. हंदानला हसावं की रडावं कळेना. वेदात बेंना फोन केला तर ते म्हणाले की तुमची सही आहे ना, सकाळी एक झोपेची गोळी द्या आणि घेऊन या, बाकी मी पाहतो. चांगला माणूस होता तो, जीव वाचवायला बघत होता. हंदानने गोळी काढून ओट्यावर ठेवलीही. लहानशी पांढरी गोळी. तिच्याकडे पाहता पाहता तिला कळलं की चारशे बारा बापांना ती मनातून कशी तपासत आली होती, याने मुलीला विचारलं नाही, त्याने बायकोला विचारलं नाही, आणि ती स्वतः कुठे उभी आहे. गोळी तिने मोरीत टाकली.

मग ती दवाखान्यात जाऊन कोरा फॉर्म घेऊन आली. सात पानं. आईच्या खाटेवर बसली आणि म्हणाली की मी सगळं वाचते, तू ऐक, मग हो म्हण नाहीतर नाही म्हण. नाही म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही. आणि ती खरं बोलत होती.

वाचायला तासभर लागला. आई प्रत्येक ओळीला अडवत होती. भूल म्हणजे किती वेळ? नळी कुठून घालणार? रक्त कुणाचं देणार, पुरुषाचं का बाईचं? मृत्यू होऊ शकतो, ही ओळ हंदानने घाईने उरकली. आई म्हणाली, "नीट वाच. ती ओळ कुणी माझ्या बापाला वाचून दाखवली नव्हती." हंदानने ती ओळ दोनदा वाचली.

वाचून झाल्यावर आई पाठीवर वळली. मग तिने विचारलं की त्या पोरीला त्यांनी विचारलं असेल का गं? पाच वर्षांची होती, बोलता येत असेल ना? हंदान म्हणाली की नाही विचारलं, लहान मुलांना विचारत नाहीत.

"मला विचारलंस तू. उशिरा का होईना," आई म्हणाली, आणि उठून बसली. "पेन दे."

फॉर्मच्या शेवटी रोग्याने स्वतःच्या हाताने लिहायचं असतं, वाचलं, समजलं, मान्य आहे. आईला लिहिता येत होतं ते हंदानच्याच पहिलीच्या पुस्तकावरून शिकलेलं, एकेक अक्षर कोरून. ती म्हणाली की मी वाचलं नाही, तू वाचलंस, खोटं कशाला लिहू. तिने लिहिलं, ऐकलं, समजलं, मान्य आहे. खाली सेनेम लिहिलं.

शुक्रवारी साडेसातला तिला हिरवा झगा घालून, केसांवर कागदी टोपी चढवून ऑपरेशनच्या दारापाशी नेलं. हंदान ढकलगाडीबरोबर चालत होती. दारात एक नर्स तक्ता घेऊन उभी होती, तरुण, चटपटीत. आत न्यायच्या आधी रोग्याच्या तोंडून नाव विचारायचं आणि मनगटावरच्या पट्टीशी जुळवायचं, हा नियम.

नाव? सेनेम. बापाचं नाव? इल्यास. जन्मसाल?

"पंचावन्न," आई म्हणाली.

नर्सने पट्टी पाहिली. पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, म्हाताऱ्यांशी बोलतात तसं. आई म्हणाली की ऐकू येतं मला, पंचावन्न, हिवाळ्यात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने ते परक्या माणसापुढे म्हटलं असेल. तिचा चेहरा असा काही मोकळा झाला होता की हंदान पाहतच राहिली.

नर्सने पेन थांबवलं आणि हंदानकडे वळली. "मावशी गोंधळतात का अधूनमधून? विसरतात का?"

हंदानने तोंड उघडलं आणि तिला कळलं की बोलायला जागाच नाही. नाही, ती खरं सांगतेय, असं म्हणावं, तर पट्टी जुळत नाही, दार बंद, ओळख पटवा, कोर्ट, आणि गाठ काही कोर्टाची वाट बघणार नाही. हो, गोंधळते, असं म्हणावं, तर गोंधळलेल्या बाईची सही चालत नाही, पुन्हा हंदानचीच सही, आणि आईने काल रात्री कोरून लिहिलेले शब्द कचऱ्यात. शिवाय तिच्या तोंडावर तिला खोटं पाडायचं, आणि तेही आज, जेव्हा ती पहिल्यांदा खरं बोलली होती. आतून वेदात बेंचा आवाज आला, काय झालं तिकडे? नर्स वाट बघत होती. 

आईने नळी लावलेला हात उचलून नर्सच्या मनगटावर ठेवला.

"अठ्ठेचाळीस लिही पोरी. अठ्ठेचाळीसच आहे. कोणी गोंधळलेलं नाही, मी तुझी गंमत केली."

"मावशी, इथे कुणी गंमत करतं का?" नर्स म्हणाली, पण हसली आणि तक्त्यावर खूण केली.

हंदान वाकली. तिला माफी मागायची होती, कशाची ते नेमकं सांगता आलं नसतं. आईने तिचा कान जवळ ओढला, लहानपणी ओढायची तसा.

"तेव्हा ती एकटी आत गेली होती," आई म्हणाली. "आज दोघी जातोय. त्यात काय."

ढकलगाडी आत गेली आणि दार बंद झालं. हंदान भिंतीजवळच्या बाकावर बसली. समोर एक म्हातारा जपमाळ ओढत होता, तो जरा सरकला. तिने दुआसाठी तळहात उघडले. कुणासाठी मागायचं ते तिला आधी ठरवता येईना, आणि मग लक्षात आलं की नाव एकच आहे. तेच ती पुन्हा पुन्हा घेत राहिली.